एकट्या गेऱ्याचा खुंटा

माझा आजा देवला बढाया मारायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हा कंडक्टर थापा मारतोय. मी आपला कारंजा डेपोत तिकिटं फाडून पोट भरणारा माणूस, मला थापा जमत नाहीत. शिवाय ही गोष्ट मी एकट्या आज्याकडून ऐकलेली नाही. आजी रुपाबाईकडूनही ऐकली आहे, आणि ती आज्याची बाजू घेईल अशी बाई नव्हती. दोघांच्या सांगण्यात जिथं भांडण आहे, तिथं मी दोघांचंही सांगेन.

आठवण निघाली ती माझ्या पोरामुळं. परवा तो मोबाईलवर एक खेळ खेळत बसला होता. त्यातला गडी भिंतीवरून पळतो, कोलांट्या मारतो, बंद दाराचं कोडं सोडवतो, आडवे येतील त्यांच्याशी लढतो आणि आतला खजिना उचलतो. मेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी म्हटलं, ‘अरे, हा तर आपला खुंटा आहे.’ त्यानं मान वर न करता नुसतं ‘हं’ केलं. मला राग आला. मेल्यावर पुन्हा उठता येतं त्या खेळात कसली आली मर्दुमकी? माझ्या आज्याजवळ एकच दिवस होता आणि मार खायला एकच पाठ होती.

आमचा तांडा शेलूबाजारच्या पुढं माळावर आहे. वस्ती बंजाऱ्यांची. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथं मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावलं आहे. आज्याची त्याला काही हरकत नसती. आजीची असती, पण ती आता नाही.

खुंटा म्हणजे काय ते सांगतो. ज्या घरात वर्षभरात पोरगं जन्मलं, त्या घरापुढं धुळवडीला धुंड होते. तांड्यातले गडी त्या दिवसापुरते गेऱ्या होतात. अंगणात दोन खुंट ठोकतात, त्यांच्या मधे पितळी हंडा ठेवतात, हंड्यात गुळाची लापशी. हंडा दोरांनी खुंटांना जखडायचा तो बायकांनी. गाठी त्यांच्याच हातच्या. मग हिरव्या काठ्या घेऊन भोवती कडं करून उभंही त्यांनीच राहायचं. गेऱ्यांनी त्या कड्यात शिरायचं आणि गाठी सोडून हंडा मोकळा करायचा. गेऱ्याच्या हातात काठी असते, पण ती फक्त मार अडवायला. त्यानं बाईवर काठी उगारली की तो बाद, आणि वर्षभर पाणवठ्यावर त्याचं हसं होतं. दोर कापायचा नाही, हंडा फोडायचा नाही. हंडा सुटला की मारामारी बंद. मग गेऱ्या पोराच्या डोक्यावर काठ्यांचं छत धरतात आणि त्याचं नाव घालून आशीर्वादाचं गाणं म्हणतात. दिवस मावळेपर्यंत हंडा सुटला नाही तर गाणं नाही. आणि धुंड पहिल्या होळीलाच होते, पुढच्या वर्षी मागता येत नाही.

आपल्या हातून एकही हंडा राहिला नाही, असं आजा सांगायचा. आजी म्हणायची, एक राहिला. तो तिच्या माहेरचा, रिठदकडच्या तांड्यातला. आजा तेव्हा मिसरूड फुटलेला गडी, पाहुणा म्हणून तिकडं गेला होता. काठी जमिनीत टेकवून तिच्या आधारानं बायकांच्या डोक्यावरून उडी मारायची, ही त्याची ख्याती. तशी त्यानं मारली. आजीनं तो हवेत असतानाच काठी घातली. त्याच्या डाव्या भुवईवर वण होता तो तेव्हाचा. ‘हंडा नाई भेटला, पन बांधनारी घेऊन आलो,’ असं तो चारचौघांत म्हणायचा. त्यावर आजी म्हणायची, ‘हे काय आनते मले? मीच आली, बैलावर बसून.’

आजीची गाठही तशीच नावाजलेली होती. तिचा बाप बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून गावोगाव फिरलेला. त्याच्याकडून ती गोणीगाठ शिकली. चालत्या बैलाच्या पाठीवरून गोणी घसरू नये म्हणून ती गाठ मारतात. ओढाल तितकी आवळते. खुंट्यात ती सुटलेली तांड्यात कोणी पाहिली नव्हती. ती ज्या खुंट्याला असायची, तिथं गेऱ्या दोर सोडून खुंटच उपटायला बघायचे.

एरवी आजा साधा माणूस. थोडं खडकाळ रान, आणि अंबाडीचे दोर वळून शेलूबाजारच्या बाजारात विकायचे. दोर वळताना तोंड चालू. माणसं दोर कमी घ्यायची आणि गप्पा जास्त ऐकायची.

मी जन्मलो ते बाहत्तर सालच्या दुष्काळात. विहिरी आटल्या, अंबाडी उगवलीच नाही, आज्यानं बैल विकले. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरे खणायचे आणि वाटी वाटीनं घागर भरायची. तांड्यातले सगळे कर्ते गडी कारखान्यांच्या मुलखात ऊसतोडीला गेले. माझा बाप लखमाही गेला. होळीला ट्रक भरून परत येतो, असं सांगून गेला. होळीला आमचा माणूस असेल तिथून घरी येतोच, त्यामुळं कोणाच्या मनात शंका नव्हती.

माझी आई ललिताबाई त्या होळीची सगळ्यांत जास्त वाट बघत होती. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. ती पहिल्या होळीच्या आधीच तापानं गेली. धुंडीनं लेकरं जगतात असं आईला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं मानलं नसतं. तिचं दुःख वेगळं होतं. त्या मुलीचं नाव घरच्या चार माणसांशिवाय कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. ती गेल्यावर तर कोणाला आठवेना. ह्या वेळी आपल्या लेकराचं नाव अख्ख्या तांड्यानं एकदा मोठ्यानं म्हटलेलं तिला ऐकायचं होतं. बस, एवढंच. पण ते तिला फार फार हवं होतं.

होळी पेटली तरी ट्रक आला नाही. धुळवडीच्या सकाळी शेलूबाजारहून निरोप आला की ट्रकचा आख तुटला, माणसं जालन्याच्या अलीकडं रस्त्यावर बसून आहेत, उद्याशिवाय येत नाहीत. तांड्यात उरले म्हातारे, बायका आणि पोरंटोरं.

तांड्याचा नाईक धरमसिंग आमच्या अंगणात आला. त्याला दमा होता, बोलताना मधे थांबायचा. तो आजीला म्हणाला, ‘यंदा खुंटा राहू द्या, रुपाबाई. मी चार ओळी म्हनून देतो. लेकरू समजून घेईन.’

‘लेकरू घेईन समजून,’ आजी म्हणाली, ‘मी नाई घेनार. हंडा सुटला नाई त गानं कायचं? उद्या कोनी बी म्हनन, बाबूसिंगची धुंड फुकटात झाली.’

बाबूसिंग म्हणजे मी. नाव ठरलं होतं, फक्त म्हणायचं राहिलं होतं.

‘पन गेऱ्या कुठून आनू?’ नाईक म्हणाला.

निंबाखाली आजा बाजेवर बसला होता. पन्नाशी उलटून गेलेली, दाढी पांढरी. तो म्हणाला, ‘गेऱ्या नाई कसा? मी हाव ना.’

बायका हसल्या. शेजारची कमलीबाई, जिच्या काठीला सगळा तांडा भ्यायचा, ती म्हणाली, ‘बुढ्या, चालतानी तुये गुडघे वाजते.’ धुळवडीला बायकांना काहीही बोलायची मुभा असते.

‘वाजू दे,’ आजा म्हणाला. ‘यंदा डफवाला बी नाई. गुडघ्याच्या तालावर खेळतो.’

आई आत बसून हे ऐकत होती. आजी लापशी ढवळायला आत आली तेव्हा आई तिला हळूच म्हणाली, ‘याडी, गाठी जरा सैल मारा ना.’ याडी म्हणजे आई. आमच्याकडं सासूलाही तेच म्हणतात. ‘त्यायच्यानं आता पहिल्यासारखं होत नाई. लागलं-पडलं त?’

आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ‘सैल मारली त मी त्याले हंडा देला असं होईन,’ ती म्हणाली. ‘देलेला हंडा भिकेचा. माया नातवाले भिकेचा हंडा नाई पायजे.’

आईनं डोळे पुसले. आजी कठोर होती असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. तिला हंडा सुटायलाच हवा होता, पण खराखुरा.

अडचण दोराची होती. नवा अंबाडीचा दोर घरात नव्हता. बैल गेल्यापासून त्यांचे जुने कासरे भिंतीला लटकत होते, तेच आजीनं काढले. भांडी विसळलेलं पाणी एका घमेल्यात धरलं होतं, त्यात ते भिजत घातले आणि ओलेच बांधले. हा बायकांचा जुना डाव. ओली गाठ फुगते आणि बोटं आत शिरू देत नाही. हंड्याच्या गळ्याशी दोन साध्या गाठी आणि त्यांच्यावर गोणीगाठ. आजीनं दोर ओढून बघितला आणि मान हलवली.

आजा निंबाखालून बघत होता. त्यानं बाजेवरून मान पुढं केली, कासरे पाहिले आणि पुन्हा मागं टेकला. तेव्हाच आपण डाव जिंकला होता, असं तो सांगायचा. आजी म्हणायची, तेव्हा तो घोरत होता.

उन्हं कलली तसा खेळ सुरू झाला. आज्यानं पाठीला घोंगडी गुंडाळली, डोक्याला लाल फेटा आवळला, हातात काठी घेतली. बायकांनी कडं केलं. आई मला मांडीवर घेऊन दारात बसली. सासऱ्यासमोर म्हणून पदर पार हनुवटीपर्यंत.

पहिल्याच धावेत त्यानं ती जुनी उडी मारली. खरंच मारली. काठी टेकवली आणि पाय हवेत गेले. कमलीबाई तर खाली बसली. पण आजी पुढं सरकली आणि तिनं त्याला मारण्याऐवजी जमिनीत टेकलेल्या काठीच्या बुडाशी आपली काठी फिरवली. आधार गेला. आजा कड्याच्या बाहेर पाठीवर पडला, आणि बायकांनी धावत जाऊन घोंगडीवर हात मोकळे केले.

ह्या पडण्यावरून दोघं आयुष्यभर भांडले. आजा म्हणायचा, मी मुद्दाम पडलो. आजी म्हणायची, मुद्दाम पडलेला माणूस तसा ओरडत नाही.

मग तो पुन्हा उठला. उजवीकडून गेला, मार खाल्ला. डावीकडून गेला, कमलीबाईनं खांद्यावर दिली. एकदा रांगत शिरला, खुंटाला हात लावला आणि एक गाठ चाचपून बाहेर पळाला. सोडायचा प्रयत्नही केला नाही. बायकांना वाटलं, घाबरला. आजी मात्र त्याच्या बोटांकडं बघत राहिली.

नंतर तो चक्क निंबाखाली जाऊन बसला. तंबाखू मळली. कमलीबाईला म्हणाला, ‘तुये हात दुखले असतीन, बस जराशी.’ एकेकीला चिडवायला लागला. कोणाचा नवरा मार खाऊन कसा रडला होता, कोणी कोणाला हंड्याऐवजी पाट्यावर ढकललं होतं. बायका कड्यात उन्हात उभ्या, हा सावलीत. त्या हसत होत्या, पण घामानं भिजल्या होत्या. फेटियावरचे, म्हणजे घागऱ्यावरचे, आरसे उन्हात तापून चटके देत होते. धरमसिंग नाईक अंगणाच्या कडेला बसून माळावरच्या पळसाकडं बघत होता. सूर्य पळसामागं गेला की खेळ संपवायचा हे त्याचं काम.

सूर्य पळसाकडं निघाला आणि आजा बसूनच. आईला राहवेना. सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नाही, म्हणून ती माझ्याशीच मोठ्यानं बोलली. ‘बावा, आजाले सांग, दिवस चालला. आजाले सांग, मले माया नावाचं गानं पायजे.’

मी काय सांगणार, मला तर मानही धरता येत नव्हती. पण आज्याचं बोलणं थांबलं. तोंडातली तंबाखू त्यानं थुंकली आणि तोही माझ्याशीच बोलला. ‘बाबूसिंग, तुया मायले सांग, दोर वाळू दे. नवा दोर पानी धरून ठेवते. जुना पेते बी लवकर अन् वाळते बी लवकर. वाळला का गाठ ढिली.’

हे त्यानं बोलायला नको होतं. सगळ्यांनी दोराकडं बघितलं. बांधताना काळपट दिसणारे कासरे कडेनं भुरके झाले होते. आज्याची ही खोडच. डाव मनात राहत नसे. पुढं तो म्हणायचा, सुनेला धीर द्यायला बोललो. तेवढं मात्र मला पटतं.

कमलीबाईनं लगेच दारापाशी ठेवलेली घागर उचलली. ‘ओतते व दोरावर, रुपाबाई.’

आजीनं घागरीकडं बघितलं. नाल्याच्या झिऱ्यातून वाटी वाटीनं, पहाटेपासून बसून तिनंच ती भरली होती. घरात तेवढंच पाणी होतं. त्यातूनच बाळंतिणीला प्यायचं होतं.

‘ठेव खाली,’ ती म्हणाली. ‘पेयाचं पानी दोरीले पाजू? ते लेकराचं हाये.’

‘मंग तो सोडन ना गाठ.’

‘येऊ दे त खरा इथलोक,’ आजी म्हणाली, आणि बाकीच्या बायकांना हातानं पसरवून स्वतः हंड्याच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. कमरेला ओढणी खोचली, बांगड्या कोपरावर सारल्या. आजा निंबाखालून उठला. दोघं समोरासमोर आली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती दोघं एकमेकांशी इतकी गंभीर कधी झाली नसतील.

आज्यानं घोंगडी काढून टाकली. नुसत्या बंडीवर राहिला. बायका कुजबुजल्या, आता ह्याची पाठ फुटते. सूर्य पळसाच्या फांदीला लागला होता.

‘ये देवल्या,’ आजी म्हणाली. वर्षातून त्या एका दिवशी ती त्याला नावानं हाक मारायची.

तो पळत सुटला. गुडघे वाजत होते म्हणे, लांबून ऐकू येत होते. कड्याच्या दोन हात अलीकडं त्यानं काठी टेकवली, अगदी पहिल्या उडीसारखी. आजी तयारच होती. तिनं पुढं सरकून काठीच्या बुडाशी सगळ्या जोरानं फटका घातला. काठी उडून थेट बाजेखाली गेली. पण काठीला आजा नव्हताच. त्यानं ती टेकवली आणि सोडली होती. काठीला भार नव्हता, त्यामुळं आजीचा फटका हवेत गेल्यासारखा गेला आणि त्याच झोकात ती गर्रकन अर्धी फिरली. फेटियाचा घेर फुलला, आणि त्या घेराखालून, तिच्या काठीच्या हाताखालून, माझा आजा जमिनीवर कोलांटी घेऊन थेट खुंटापाशी गेला.

वरच्या उड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. ही खालची कोलांटी तांड्यात कोणी पाहिली नव्हती. त्यानंही आधी कधी मारली नव्हती. म्हातारपणी सुचली.

त्यानं हंड्यावर अंग टाकलं आणि पाठ बायकांना दिली. मार सुरू झाला. पहिली गाठ त्यानं दातानं ओढली, सुटली. दुसरी अंगठ्यानं, सुटली. राहिली गोणीगाठ. पाठीवर कमलीबाई, खांद्यावर आणखी कोणी, आणि सगळ्यांत जोरात आजी. नाईक उठून उभा राहिला होता. त्याला पळसाच्या फांद्यांतून सूर्य अजून थोडा दिसत होता.

‘ओढून पाय,’ आजी मारता मारता म्हणाली, ‘ओढ ना.’

आज्यानं ओढली नाही. दोर वळायला बसल्यासारखी त्याची दोन टोकं दोन्ही हातांत घेतली आणि ती एकमेकांकडं ढकलली. आत, गाठीच्या पोटात. संसार झाल्यापासून आजी रानातून सरपणाची मोळी आणायची ती ह्याच गाठीनं बांधून, आणि अंगणात टाकून आत निघून जायची. मोळी सोडायचं काम आज्याचं. ती गाठ तो कधी कोणाकडून शिकला नाही. रोज सोडून सोडून बोटांना माहीत झाली. ओली असती तर ढकलायला जागाच नसती. वाळलेल्या कासऱ्यात जागा होती. गाठीचं तोंड उघडलं, त्यानं करंगळी घातली, आणि दोर खाली पडला.

‘हंडा सुटला,’ नाईक म्हणाला. काठ्या थांबल्या.

आजा हंडा धरून उठायला गेला आणि उठता येईना. कमलीबाईनंच त्याला काखेत हात घालून उभं केलं. त्याच्या बंडीवर रक्त होतं. तो मात्र हसत होता. ‘गुडघे ठीक वाजले ना?’ त्यानं तिला विचारलं.

आईनं मला पाटावर बसवलं, मागून मान सावरून धरलं. आज्यानं बाजेखालची काठी मागवली आणि माझ्या डोक्यावर आडवी धरली. एकच काठी, तिचं छत कुठून होणार? धरमसिंग नाईकानं आपली म्हातारी काठी तिच्यावर टेकवली. आज्यानं गाणं सुरू केलं. पहिली ओळ म्हटली, माझं नाव घेतलं, आणि सवयीनं थांबला. तिथं बाकीच्या गेऱ्यांनी झील धरायची असते. नाव त्यांनी पुन्हा म्हणायचं असतं, सगळ्यांनी मिळून.

कोणीच नव्हतं. नाईकानं प्रयत्न केला, त्याला खोकल्याची उबळ आली. आजा तसाच थांबला. आईची मान खाली गेली. तांड्यातल्या झाडून सगळ्या बायका तिथं होत्या, पण हे गाणं गेऱ्यांचं, बाईनं ते कधी म्हटलं नव्हतं.

आजीनं हातातली काठी खाली टाकली नव्हती. ती दोन पावलं पुढं आली, ती काठी तिनं त्या दोन काठ्यांवर ठेवली आणि झील धरली. आवाज मारून मारून बसला होता. तिनं माझं नाव घेतलं. मग कमलीबाईनं काठी आणली. मग एकेक करत सगळ्या आल्या. दुपारभर मारणाऱ्या त्या काठ्यांचं माझ्यावर इतकं दाट छत झालं की आईला आकाश दिसेना, असं ती सांगते. प्रत्येक ओळीला त्या माझं नाव घेत होत्या. शेवटच्या ओळीला आजीनं माझ्या आधी दुसरं एक नाव घेतलं. हेमली. माझ्या गेलेल्या बहिणीचं. बायकांनी तेही म्हटलं. आई पदराखाली मोठ्यानं रडली, आणि त्या दिवशी तिला कोणी गप्प केलं नाही.

ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी आला. माझ्या बापानं आज्याची पाठ बघितली आणि आईला विचारलं, ‘मारलं कोनं?’ आई म्हणाली, ‘याडीनं.’ बापाला आपल्या आईचा हात माहीत होता.

तेव्हापासून आमच्या तांड्यात धुंडीची झील आधी बाई धरते. गडी कितीही असोत. नवी पोरं विचारतात असं का, तर त्यांना कोणी नीट सांगू शकत नाही.

पुढं आज्यानं ह्या खुंट्याच्या इतक्या बढाया मारल्या की शेलूबाजारातल्या दुकानदारांना त्या पाठ झाल्या. कोलांटी दर वर्षी लांबत गेली. मार खाणाऱ्या बायकांची संख्या वाढत गेली. हो, शेवटी शेवटी त्याच्या गोष्टीत मार बायकाच खात होत्या. एक गोष्ट मात्र त्यानं कधीच कोणाला सांगितली नाही. ती मला आजीनं सांगितली, तो गेल्यानंतर.

त्या संध्याकाळी ती त्याच्या पाठीला हळद लावत होती. हात लागला की तो कण्हत होता. त्यानं विचारलं, ‘घागर भरलेली होती. ओतली असती त मी हरलो असतो. म्हंजे तू मले देलाच ना हंडा?’

आजीचा हात थांबला. ‘पानी लेकराचं होतं म्हनून नाई ओतलं,’ ती म्हणाली. ‘तुमाले मी काईच देलं नाई. सारा जोर लावून मारलं. तुमी घेतला तो हंडा.’

त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. ‘अजून एकदा सांग,’ तो म्हणाला.

‘तुमी घेतला,’ ती म्हणाली, आणि हळद लावायला लागली.